पऱ्हाटीचा वाद घेऊन पिंपळे गुरवला

आमच्या वर्धा जिल्ह्यातून पुण्याकडे जाणारा माणूस एक तर पोरांच्या शिक्षणासाठी जातो, नाही तर लग्नाला जातो. मी गेले भांडायला. तेही मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, जेव्हा शेत टाकून फिरायला निघालेल्या बाईला गावात वेडीच म्हणतात. मृगाला दहा-बारा दिवस उरलेले, वखरण अर्धं राहिलेलं, बियाण्याची पाकिटं आणायची बाकी. पण धाकट्या भावाचा निरोपच असा आला की घरात बूड टेकेना.

सुधाकर माझा पाठचा भाऊ. सत्तावीस वर्षांपूर्वी गाव सोडून पिंपरीला गेला, कंपनीत लागला आणि तिकडचाच झाला. बाबांच्या पाच एकरांतलं अर्धं रान त्याच्या नावावर, अर्धं माझ्या. कसतो ते आम्ही दोघी, मी आणि माझी मुलगी मीनल. त्यानं मोबाईलवर लिहून पाठवलं होतं, ‘ताई, यंदा माझ्या वाट्यात बीटी कापूस लावायचा नाही. लावायचाच असेल तर माझं अर्धं रान मी नैसर्गिक शेतीवाल्या एका संस्थेला देतो. बोलणं झालं आहे.’ विहीर त्याच्या अर्ध्यात आहे. विहिरीवाचून माझ्या अडीच एकरांत काय, ढेकळं पिकवायची? आणि त्याचं ऐकून साधं बियाणं लावलं, तर अळीसाठी दर आठ-दहा दिवसांनी फवारणी आली. फवारणी म्हणजे पंप पाठीवर, आणि पाठ मीनलची. माझी पोर त्या पंपाखाली जाऊ द्यायची नाही, एवढंच डोक्यात घेऊन मी गाडीत बसले.

ज्यांनी कापूस फक्त अंगावर घातला आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगते. कापसाच्या झाडाला आम्ही पऱ्हाटी म्हणतो. बीटी पऱ्हाटीच्या बियाण्यात मातीतल्या एका जिवाणूचा गुण घातलेला असतो. बोंड पोखरणारी अळी त्या झाडाला तोंड लावते आणि मरते. बाहेरून विष मारायची गरज कमी होते. शास्त्र मला एवढंच कळतं, पण पाठीला त्याहून जास्त कळतं.

सोमवार, पिंपळे गुरव

आदल्या रात्री सुधाकर स्टेशनवर घ्यायला आला होता. केस पांढरे, पोट पुढे, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. दुसरी पाळी संपवून थेट आलेला.

“ताई, प्रवास कसा झाला?”

“प्रवासाचं काय विचारून राहिला? मी कायले आली, तुले माहीत नाई का?”

“आधी घरी चल, चहा घेऊ, राव.”

सख्ख्या बहिणीला राव! बाप्पा बाप्पा! या गावात सगळेच एकमेकांना राव म्हणतात, रिक्षावाला प्रवाशाला आणि भाजीवाला गिऱ्हाइकाला. दोन दिवसांनी मीसुद्धा लिफ्टवाल्याला “थांब की राव” म्हणाले आणि स्वतःच चपापले.

घर सातव्या मजल्यावर. स्वच्छ, हवेशीर, पण मला तिथं कोंडवाड्यात घातल्यागत झालं. गावी पहाटे चार वाजता उठते, तशी इथंही उठले. आता उठून करायचं काय? गोठा नाही, अंगण नाही. या खोलीतून त्या खोलीत फिरले. भांडी लावली. गॅलरीतून खाली पाहिलं तर कंपन्यांच्या बसगाड्या लोकांना गोळा करत होत्या. आमच्याकडे पहाटे टेम्पो मजुरांना गोळा करतो, इथं बस कामगारांना. फक्त इथल्या माणसांच्या पायांत बूट असतात.

शेवटी जिना चढून गच्चीवर गेले. तिथं सुधाकरची शेती! रंगाच्या रिकाम्या बादल्यांत टोमॅटो, मिरची, पालक. हात शिवशिवायला लागले. एका लांबट कुंडीत मिरचीपेक्षा तण जास्त माजलेलं दिसलं. मांडी घालून बसले आणि अर्ध्या तासात कुंडी निंदून लख्ख केली. तेव्हा कुठं बरं वाटलं!

आठ वाजता गच्चीवरून सुधाकरची आरोळी आली. मी उपटलेलं तण म्हणजे त्यानं चार महिने वाढवलेली रोझमेरी होती. हे काय असतं? तर म्हणे पास्त्यावर घालतात.

“वन्सं, बरं केलंत,” त्याची बायको शोभा माझ्या कानाशी लागून म्हणाली. “आमी कधी पास्ता खाल्ला न्हाई. नुसता वास मारायची ती.”

शोभा इथल्याच माण गावची. तिच्या माहेरच्या भाताच्या रानात आता काचेच्या इमारती आहेत आणि तिची मुलगी पल्लवी त्यातल्याच एकीत कामाला जाते. मी म्हटलं, “म्हणजे पोरगी आजोबाच्याच शेतात जाते की!” शोभा हसली, पण डोळे पुसत हसली. मला जीभ आवरायला हवी होती.

खाली उतरताना सोसायटीच्या फाटकाजवळ फलक पाहिला. दर रविवारी सकाळी तिथं सुधाकरचा नैसर्गिक शेतीवाला गट भाजी विकतो. फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘जीएम-मुक्त, विषमुक्त’. जीएम म्हणजे बीटीसारखं, बाहेरचा गुण घातलेलं बियाणं. त्याच्या गटातल्या एक बाई तिथंच भेटल्या. मी कापूसवाली म्हटल्यावर त्यांनी दोन पावलं मागं घेतली. “बीटी लावता? अहो, त्याची पानं खाऊन जनावरं मरतात म्हणे!”

“बाई, वेचणी संपली की आमच्या गावच्या साऱ्या शेळ्या त्या पऱ्हाटीतच सोडतात,” मी म्हटलं. “एक मेली नाही. फार माजल्यात मात्र.”

त्या बाई हसल्या नाहीत.

मंगळवार, तिथंच

दुपारचं जेवण. इंद्रायणी तांदळाचा चिकट, वासाचा भात, आमटी आणि भरली वांगी. आमच्याकडे वांग्याच्या भाजीत तेलाचा तवंग बोटभर हवा, इथं शेंगदाण्याचा कूट आणि गुळाचा खडा. गोड वांगं! पण चव आली हो. दोनदा वाढून घेतलं.

वांगी चिरताना शोभाचं आधीच सुरू झालं होतं. “ह्ये बघा वन्सं. किलोभर आणावी तवा पावशेर हाती लागत्यात. बाकीची अळीच्या पोटात. रोज आळ्या वेचून माझी बोटं किड्यांची झाली.”

“अळी आहे म्हणजे विष नाही,” सुधाकर म्हणाला.

“बरोबर हाय तुझं,” मी म्हटलं. “बाजारातलं गुळगुळीत वांगं म्हणजे फवारलेलं वांगं, हे माह्यापेक्षा कोणाले जास्त माहीत?”

पल्लवी त्या दिवशी घरून काम करत होती. ताट घेऊन आली आणि म्हणाली, “तिसराही रस्ता आहे ना. बांगलादेशात बीटी वांगं लावतात. कापसासारखंच. तिथल्या शेतकऱ्यांची फवारणी बरीच कमी झाली. आपल्याकडे त्याला परवानगी नाही.”

“पल्लवी, तू तुझं कॉम्प्युटरचं बघ.”

“बाबा, मी बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी केलंय. तुमच्याच ओव्हरटाइमवर.”

सुधाकरला साखर आहे. जेवणाआधी तो पोटात सुई टोचून घेतो. पल्लवीनं त्या सुईकडे बोट दाखवलं. “हे इन्सुलिन कुठून येतं माहितीये ना? पूर्वी गाई-डुकरांच्या शरीरातून काढायचे. आता माणसाचं जनुक जिवाणूत घालतात आणि तो ते बनवून देतो. बियाण्यात करतात तसलंच काम आहे हे.”

सुधाकरनं सुई शांतपणे डबीत ठेवली. “ते औषध आहे. डॉक्टर मोजून देतो. अन्न आणि रान माझ्या हाताबाहेर जातं. एकदा पेरलं की परत बोलावता येत नाही.”

खरं सांगते, त्याचं ते बोलणं मला खोटं वाटलं नाही. म्हणूनच जास्त राग आला. मूर्खाशी भांडणं सोपं असतं. मी मात्र हट्टाला पेटले आणि म्हटलं की हा इंद्रायणी तरी कुठं आभाळातून पडला, तोही आंबेमोहराचा संकर करून माणसांनीच काढलेला आहे. पल्लवीनं माझीच चूक काढली. “आत्या, संकर वेगळा आणि जनुक उचलून घालणं वेगळं. एकाच टोपलीत नका टाकू.”

झालं! वकीलच उलटली. मी पान उचलून मोरीकडे गेले.

बुधवार, आकुर्डी

पल्लवीनं मला तिचं कॉलेज दाखवायला नेलं. मुळात मला घराबाहेर काढायचं होतं, कारण मी शोभाचा मसाल्याचा डबा तीनदा लावला होता. सकाळपासून मीनलचे दोन फोन येऊन गेले होते. “आई, काय ठरलं? गावातल्या साऱ्यांनी पाकिटं आणली.” काय सांगणार? सुधाकर रानाचा विषय काढला की चप्पल घालून खाली जायचा.

कॉलेज आवडलं. झाडं आहेत, मुली बिनधास्त हिंडतात. बाहेर स्टेशनच्या रस्त्याला वडापावची गाडी होती. मी दोन खाल्ले, कुरकुरीत होते. मग नजर गाडीखालच्या तेलाच्या डब्याकडे गेली. सरकीचं तेल! कापसाच्या बीला सरकी म्हणतात, आणि आपल्याकडे आज कापूस जवळजवळ सगळा बीटीच.

“बाबांना सांगू नका,” पल्लवी म्हणाली. “दर शनिवारी ते इथूनच पार्सल नेतात.”

इतकी हसले की ठसका लागला. गाडीवाल्यानं पाणी दिलं.

तिथंच कट्ट्यावर बसलो असताना पल्लवीनं हळूच विचारलं, “आत्या, एक विचारू? बीटी एवढं चांगलं, तर बोंडं पोखरणारी गुलाबी अळी परत कशी आली? बाबा नेहमी तेच म्हणतात.”

आता हे मी गावात कधी मोठ्यानं बोलत नाही, पण तिला सांगितलं. बीटीच्या पाकिटासोबत पूर्वी एक छोटी पुडी यायची. साध्या, बिनबीटी कापसाची. ती शेताच्या कडेनं लावायची, असं लिहिलेलं असायचं. आम्ही वाचून हसायचो. अळीला जेवण घालायला जागा सोडायची? कोणी सांगितलंय! कोणी पुडी बांधावर फेकली, कोणी माळ्यावर टाकली, मी तर दाराच्या फटीत कोंबून ठेवली होती, उंदीर येऊ नये म्हणून. साऱ्या गावानं, साऱ्या तालुक्यानं हेच केलं.

पल्लवी म्हणाली, “ती पुडी कशासाठी होती माहितीये? बीटी पचवणारी एखादीच अळी निघते. कडेच्या साध्या झाडांवर साध्या अळ्या जगल्या असत्या तर पतंग झाल्यावर त्यांच्याशी तिचा जोडा लागला असता आणि तिची पिढी बहुतेक पुन्हा बीटीवर मेली असती. साध्या उरल्याच नाहीत, मग पचवणाऱ्यांचंच राज्य झालं.”

“म्हनजे थे आमीच पाळली म्हन ना,” मी म्हटलं. आता कंपन्या साधं बी त्याच पाकिटात मिसळून देतात. आमच्यावर भरवसाच उरला नाही त्यांचा, आणि का उरावा? हिरवी बोंडअळी आजही आमच्या पऱ्हाटीवर दिसत नाही. गुलाबी दिसते, आणि तिच्यासाठी दोन-तीनदा पंप उचलावा लागतो. चांगली वस्तू हाती आली आणि आम्ही शहाणपणा करून अर्धी घालवली. याची लाज वाटते मला.

गुरुवार, चाकण

इकडच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. रविवारी कामावर आणि गुरुवारी घरी. सणवार, पाहुणे, केस कापणं, सगळं गुरुवारी. सुधाकर म्हणाला, “चल, माझी कंपनी दाखवतो.” मी लगेच तयार. गाडीत तो चप्पल घालून कुठं जाणार होता?

मोशी सोडली आणि दोन्ही बाजूंना पत्र्याच्या लांबच लांब शेड. मधेच एखादं कांद्याचं रान, त्याला लागून गाड्या उभ्या करायचं मैदान, हजारभर नव्या गाड्या उन्हात तापत उभ्या. त्याच्या कंपनीच्या फाटकाबाहेरच थांबलो, सुट्टीच्या दिवशी आत सोडत नाहीत. त्यानं काचेतून हात करून दाखवलं, “ती तिसरी शेड. सहा वर्षं मी तिथं आहे.” आवाजात अभिमान होता. आमच्या खानदानात पहिला नोकरीवाला. मलाही छान वाटलं, आणि तसं मी बोलले.

परतताना चाकणच्या चौकात अडकलो. कंटेनर, ट्रेलर, दुचाकी, सहाआसनी, एकात एक गुंतलेले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. गाडी हलेना. मी म्हटलं, हीच वेळ.

“सुधा, मले उत्तर दे. शनिवारी मी परत जाऊन राहिली.”

“उत्तर दिलंय ताई. बीटी नाही.”

“अन् अळी आल्यावर?”

“निंबोळीचा अर्क आहे, सापळे आहेत. जमेल तेवढं. नाही पिकलं तर नाही पिकलं.” त्यानं स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. मग बोलला तेव्हा इतक्या वर्षांची पिंपरी गळून पडली होती. “ताई, मले अजून थो वास येते. कंपनीत थिनर सांडलं तरी बाहेर पळतो मी. फवारता फवारता पडलो त्या दिवशी डोळ्यांपुढं काईच दिसे नाई. तोंडाले फेस. बाबा मले खाटेवर टाकून नेऊन राहिले, अन् मी मनात म्हणून राहिलो, वाचलो तर हे रान पुन्हा पाहत नाई. बियाणं बनवणारे थेच, विष बनवणारे थेच. कोणाचाच भरवसा नाई मले.”

हे त्यानं मला सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा सांगितलं. तेव्हा तो दवाखान्यातून घरी आला आणि महिनाभरात पिंपरीच्या गाडीत बसला होता. बीटी बियाणं आमच्या गावात त्यानंतर चार वर्षांनी आलं. त्यानं ते कधी पाहिलंच नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढं कापूस म्हणजे तोच दिवस होता.

“तू गेला, थे बरं केलं,” मी म्हटलं. “पण तू गेल्यावर अळी गेली नाई.”

“बाबांनी गडी ठेवला होता ना फवारणीले. पत्र लिहिलं होतं त्यायनं मले.”

“कोणता गडी?”

“नाव नाई लिहिलं.”

“नाव कसं लिहितील? थो गडी मी होती.”

त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला हे सांगायचं नव्हतं, देवाशपथ. पण आता थांबवेना. सांगितलं की बाबांचा दमा, माझे मालक एसटीत वाहक, महिन्यातले वीस दिवस बाहेर, म्हणून मी माहेरीच. पंप माझ्या पाठीवर आला. तोंडाला लुगड्याचा पदर. चार हंगाम. एका हंगामात किती वेळा, ते आठवतही नाही. आठवडा गेला की पुन्हा. पहिल्या हंगामात मीनल पाच महिन्यांची. तिला पाजायच्या आधी तीन-तीनदा साबण लावून अंघोळ करायचे, तरी अंगाचा वास जायचा नाही. ती तोंड फिरवायची. शेवटी मीच तिचं दूध तोडलं. पोर रात्रंदिवस रडायची आणि मी दुसऱ्या खोलीत बसायचे.

“मग थे बियाणं आलं,” मी म्हटलं. “पयल्या वर्षी रोज सकाळी जाऊन बोंडं फोडून पाहायची. अळी नाई. मले खरंच वाटे ना. मावा-तुडतुड्यांसाठी दोनदा पंप उचलला, बोंडअळीसाठी एकदाही नाई. तुले वाटते कंपनीचे गोडवे गाते मी? कंपनी गेली चुलीत. माह्या पाठीवरून पंप कोणी उतरवला, थे मले माहीत हाय. अन् तू म्हणतं, थो आता मीनलच्या पाठीवर ठेव.”

“मले कोणी सांगतलं नाई.”

“बाबांनी सांगू दिलं नाई. तू परत येशील म्हणून.”

पुढचा कंटेनर सरकला. समोर मोकळी जागा झाली तरी सुधाकर गाडी हलवेना. मागून भोंग्यांचा नुसता गोंधळ. एक रिक्षावाला खिडकीशी येऊन ओरडला, “ओ काका, झोपले काय राव?” आत पाहून तो तसाच मागं फिरला, कारण काका हुंदके देऊन रडत होते. माझेही डोळे वाहत होते. पण इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझे हात-पाय एका जागी शांत होते.

त्यानं गाडी कडेला, एका टायरच्या दुकानापुढं घेतली. चेहरा रुमालानं पुसला. “मले अजून पटलं नाई, ताई,” तो म्हणाला. “बियाण्याचं मले पटलं नाई.”

“नको पटू देऊ.”

“मीनलचा नंबर लाव.”

मी लावला. त्यानं फोन माझ्या हातातून घेतला.

“मीनल, मामा बोलून राहिलो.”

“हो मामा! काय ठरलं? पाकिटं आणू का?” तिचा आवाज मला बाजूला बसून ऐकू येत होता.

“आण. दोन्ही वाट्यांची आण.” त्यानं गाडीची काच वर केली. “अन् ऐक. यंदा फवारायची वेळ आली तर तू पंपाले हात नाई लावायचा. आईनंही नाई. मले फोन करजो, मी सुट्टी टाकून येतो.”

तिकडून मीनल खळखळून हसली. तिला वाटलं मामा गंमत करतोय.

“मामा, तुमच्याच्यानं जमन का?”

“जमन,” सुधाकर म्हणाला. “मले येते थे काम.”